कृत्रिम पाय बसवणाऱ्या ताईंना, एका वारकऱ्याकडून

ताई,

राम कृष्ण हरी.

आषाढी होऊन गेली तरी तुमची आठवण निघाली की मन भरून येतं. चार लोकांसमक्ष आभार मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाने वारीचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, आता घरूनच हात जोडा. कुणी म्हणतं, पांडुरंग नेईल की! सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या खोबणीत, मात्र दोघांपैकी कुणीच डोकावत नाही. तुम्ही माप घ्यायच्या आधी विचारलंत, "वारीत पायात काय घालता? ती चप्पल घेऊन या."

ती जुनी, चिखलाने कडक झालेली चप्पल तुम्ही स्वतःच्या टेबलावर उलटी ठेवलीत. तळ कुठे झिजलाय ते अंगठा फिरवून पाहिलंत. मग टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी पट्टी लावून मोजलीत. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना यात विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. कृत्रिम पायाचा कोन टाचेच्या उंचीवरून लावतात. नंतर चपलेची टाच सेंटिमीटरभर वाढली तरी सॉकेट पुढे कलतं, गुडघा मुडपू लागतो आणि उतारावर तोल जातो. टाच कमी झाली की गुडघा मागे रेटला जातो, सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखी दमछाक होते. आणि वारकरी चपला दिवसातून किती वेळा काढतो! कीर्तन, पंगत, पादुकांचं दर्शन. म्हणून तुम्ही टाच-चवडा एकाच जाडीची चप्पल ठरवलीत. घातली काय नि काढली काय, कोन तोच. मागून पट्टा शिवून घ्यायला लावलात तो वेगळाच मुद्दा. रबरी पायाला बोटांनी चप्पल धरता येत नाही, चिखलात ती तिथेच राहते. जयपूर फूट हा रबरी कृत्रिम पाय 1968 साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तोच मुळी जमिनीवर बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसांसाठी. पण हा विचार प्रत्येक माप घेणाऱ्याच्या डोक्यात उतरलेला नसतो.

आधी जिथे पाय बसवला, तिथे प्रत्येक तक्रारीवर "सवय होईल" हे एकच उत्तर होतं. कसली सवय? गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा जाड पट्टा, भार सोसतो. नडगीचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं हाड सोसत नाही. तिथे दाब आला की जखमच होते. तुमचा नियम साधा होता. पाय काढल्यावर लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर सॉकेट घासायचं, माणसाला नाही.

चालता चालता स्टंप, म्हणजे गुडघ्याखाली उरलेला पाय, आकसतो, हे तर आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो, स्टंप खाली सरकून तळाला टेकतो आणि वाटीखाली सॉकेटची कड रुतते. तेव्हा थांबायचं आणि स्टंपवर एक मोजा वाढवायचा. सुरकुती नको, शिवण आतल्या बाजूला नको. भिजलेला मोजा लगेच बदलायचा, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत जवळच ठेवायचे, दिंडीच्या ट्रकमध्ये नाही. मुक्कामाला पाय काढला की 4 इंची क्रेप बँडेज, आठच्या आकड्यासारखं, खाली घट्ट आणि वर सैल. नाहीतर रात्रीत सूज येते आणि पहाटे पाय चढत नाही. स्टंप धुवायचा तो रात्रीच. सकाळची ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलवटते.

दिवे घाट या सगळ्याचा हिशेब घेतो. पुण्याहून सासवडची ती मजल लांब, त्यात चढ, आणि त्यात हात टाळांत गुंतलेले. म्हणूनच तुम्ही काठी बाजूला ठेवून, दोन दांड्यांच्या मधे उभं करून पावली करायला लावलीत: एक पाऊल पुढे, एक मागे, टाळी वाजवत. मागच्या पावलाला भार घ्यायची भीती तिथेच गेली. श्रद्धेची तुम्ही थट्टा केली नाहीत आणि सगळं ओझं तिच्यावर टाकूनही मोकळ्या झाला नाहीत. पायावर विश्वास बसला तो असा, एकेक मिलिमीटर घासून.

तुमच्यासारखी समंजस माणसं पालखीच्या वाटेवरही भेटली. पायऱ्यांवर कुणी दंड पकडला तर उलट तोल जातो. हे न सांगता ओळखून नुसती शेजारी उभी राहिलेली. पंगतीत पाय पसरायला जागा देऊन वर काही न विचारणारी. माणुसकी म्हणतात ती हीच असावी.

आता मोजे वाढत चाललेत. मोजे फार वाढले की मोजे नाही, सॉकेट बदलायचं, हे तुमचं सांगणं लक्षात आहे. दिवाळीनंतर येतो, नवं माप घ्या. घाई करू नका म्हणून तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुमचा,
दिंडीतला एक माळकरी