लेमन गाडीची भरपाई म्हणजे कमाई नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी मंडळी तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात, त्यांच्यासाठी हे पत्र छापावं ही विनंती. नवी गाडी सारखी बिघडते, डीलरकडे खेपा घालून जीव मेटाकुटीला येतो, मग लेमन लॉखाली, म्हणजे सारख्या बिघडणाऱ्या सदोष गाडीसाठी भरपाई मिळवून देणाऱ्या कायद्याखाली, वकील धरला की कंपनी सेटलमेंट करते, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण नवीन वर्षात १०९९-मिस्क, म्हणजे कंपनीने तुम्हाला किती पैसे दिले ते सांगणारा टॅक्सचा फॉर्म, हातात पडला की लोक घाबरतात आणि अख्खी रक्कम इन्कम म्हणून दाखवून मोकळे होतात. माझा भाचा हेच करायला निघाला होता, त्याला मी थांबवलं.

अहो, पैसे तुमचेच होते ना? खराब गाडीसाठी जास्तीचे मोजलेले परत आले, यात कमाई कुठे झाली? आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, पब्लिकेशन ४३४५ सुद्धा हेच सांगतं, की वस्तूची किंमत घटली म्हणून मिळालेली भरपाई बेसिसपेक्षा, म्हणजे साधारण खरेदीच्या किमतीपेक्षा, कमी असेल तर त्यावर टॅक्स नाही, फक्त तेवढी रक्कम बेसिसमधून वजा करायची. समजा गाडी ४०,००० डॉलरला घेतली, कंपनीने १२,००० दिले आणि गाडी तुमच्याकडेच राहिली, तर आता टॅक्सच्या हिशोबात ती २८,००० ची. पुढे ३०,००० ला विकली तर वरचे २,००० नफा आणि त्यावर टॅक्स लागतो, हे कोणी लक्षातच ठेवत नाही! गाडी धंद्यात वापरून डेप्रिसिएशन (घसारा) घेतलं असेल तर बेसिस आधीच खाली आलेला असतो, तिथे सीपीएला, म्हणजे अमेरिकेतल्या सीएला, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पण म्हणून सगळंच माफ, असंही नाही. सेटलमेंटवर व्याज मिळालं तर ते इन्कमच. कॅलिफोर्नियाच्या साँग-बेव्हर्ली कायद्यात, म्हणजे तिथल्या लेमन लॉमध्ये, कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केली तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत वेगळा दंड मिळू शकतो, तोही टॅक्सेबल धरला जातो, कारण दंडाची रक्कम हे इन्कम आहे असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५५ सालीच ग्लेनशॉ ग्लास केसमध्ये सांगितलंय. आणि गाडीपायी झालेल्या नुसत्या मनस्तापाचे पैसे मिळाले तर तेही सुटत नाहीत, ती सवलत शारीरिक इजेसाठी आहे.

माझा खरा राग आहे तो सेटलमेंटच्या कागदावर. बरेचदा त्यात एकच गोळाबेरीज आकडा असतो, किंमतीचा परतावा किती, व्याज किती, दंड किती, वकिलाची फी किती, काही कळत नाही, आणि वैतागलेला माणूस चेक दिसतोय म्हणून सही करून टाकतो. सहीच्या आधी वकिलाला ठणकावून सांगा की प्रत्येक रक्कम वेगळी लिही. खरोखर घासाघीस करून ठरलेली विभागणी आयआरएस सहसा मानतं, मागाहून आपण मनाने केलेली कशाला मानेल?

आणि कृपा करून १०९९ आलाय तर तो ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसू नका, त्याची कॉपी आयआरएसकडे गेलेली असते, रिटर्नमध्ये मेळ नाही बसला तर नोटीस येते. रिटर्नची तारीख १५ एप्रिल असते, त्याआधी एखाद्या जाणकार सीपीएकडून यावर सविस्तर लेख लिहून घेता आला तर फार बरं होईल.

आपला एक वाचक,
कॅलिफोर्निया