रोषणाईचे पंखे आणि खोक्यावर न छापलेला व्होल्टेज

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवण्याचा हंगामही सुरू होतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातील तपकीर गल्लीचा परिसर असो किंवा तालुक्याच्या गावातले एखादे दुकान असो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची चौकशी कसून होते, घासाघीस होते, आणि शेवटी काचेच्या कॅबिनेटमध्ये शोभून दिसावेत म्हणून रंगीत दिव्यांचे तीन-चार पंखे बिलात चढतात. या पंख्यांचे दिवे मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य पट्टीवरच्या, नेमक्या कोणत्या पिनांवर बसवायचे, हे मात्र पुष्कळदा खोक्यावर ठळक छापलेले नसते आणि विक्रेताही आपणहून सांगत नाही. चुकीच्या पिनांवर बसवलेले दिवे क्षणात जळतात आणि भुर्दंड ग्राहकाला पडतो. संगणक जुळणी व दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रकार वारंवार पाहण्यात येतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

घोटाळ्याचे मूळ असे आहे की, नावात एका अक्षराचा फरक असलेल्या, पण आतून पूर्णपणे वेगळ्या अशा दोन पद्धती बाजारात शेजारी-शेजारी नांदत आहेत. जुन्या आरजीबी (रेड, ग्रीन, ब्लू) पद्धतीच्या सॉकेटला सलग चार पिना असतात. त्यांपैकी एकीवर १२ व्होल्ट असतात आणि उरलेल्या तीन हिरव्या, लाल व निळ्या रंगासाठी असतात. या पद्धतीत सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात. नव्या एआरजीबी (अ‍ॅड्रेसेबल आरजीबी) पद्धतीचे सॉकेट चार पिनांच्या जागेचेच असते, पण त्यात पिना तीनच असतात. पहिली ५ व्होल्टची, दुसरी डेटाची, तिसरी जागा रिकामी आणि चौथी ग्राउंडची. येथे प्रत्येक दिव्याच्या पोटात एक सूक्ष्म नियंत्रक चिप असते, म्हणून प्रत्येक दिवा आपला स्वतंत्र रंग दाखवू शकतो आणि पंख्याच्या कडेने इंद्रधनुष्य फिरल्यासारखे दिसते.

हे घडते कसे, ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण बिघाड शोधताना त्याचाच उपयोग होतो. मदरबोर्ड डेटाच्या एकाच तारेतून, साधारणतः सेकंदाला ८ लाख या वेगाने, बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा संकेतांची, माळ पाठवतो. प्रत्येक दिव्यासाठी २४ बिट असतात, म्हणजे तीन रंगांपैकी प्रत्येकासाठी आठ. पंगतीत पहिल्याने आपल्या वाटणीचे काढून घेऊन परात पुढे सरकवावी, तसा पहिला दिवा आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेली माळ पुढच्या दिव्याकडे सोडतो. या हिशेबाने एकेका दिव्याला १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा दाखवता येतात. पण याचाच अर्थ असा की, मधला एक दिवा निकामी झाला तर त्याच्या पुढच्या सगळ्यांचा पुरवठा तुटतो. पंख्याभोवतीचे दिव्यांचे कडे अर्धे पेटलेले आणि अर्धे काळे दिसले तर पंखा उलटसुलट करून पाहण्यापेक्षा जिथे उजेड संपतो, तिथला शेवटचा पेटलेला आणि पहिला विझलेला दिवा तपासावा. दोष बहुधा त्या दोघांपैकी एकात किंवा त्यांच्यामधल्या सांध्यात सापडतो.

आता धोक्याविषयी. एआरजीबीच्या दिव्यांना ५ व्होल्टच्या थोडेसेच वर सोसते. त्यांना १२ व्होल्टच्या पिनेवर बसवून संगणक सुरू केला की चिपा जळतात, कधी करपल्याचा वास येतो, कधी तेवढाही इशारा मिळत नाही. उलट चूक केली, म्हणजे जुन्या पद्धतीची १२ व्होल्टची दिव्यांची पट्टी ५ व्होल्टच्या सॉकेटवर बसवली, तर सहसा काहीच पेटत नाही, कारण त्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि तेवढ्यांना ५ व्होल्ट पुरे पडत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, एआरजीबीच्या कनेक्टरमध्ये तिसरे छिद्र बुजवलेले असते, मग ते सलग चार पिनांवर बसेलच कसे? नियमाने बसू नयेच. पण स्वस्तातल्या काही पंख्यांच्या कनेक्टरचे ते छिद्र उघडेच असते. काही जुन्या मदरबोर्डांसाठी निघालेल्या कनेक्टरमध्ये तीन छिद्रे लागून असतात, मध्ये रिकामी जागाच नसते. असा कनेक्टर चार पिनांपैकी कोणत्याही तिघींवर सहज चढतो. शिवाय बसत नाही म्हणून पिन वाकवणारे आणि पकडीने छाटून टाकणारेही कमी नाहीत. खरा दोष मला सॉकेटच्या घडणीतच दिसतो. त्याच मदरबोर्डवर पंख्याच्या मोटरसाठी जे चार पिनांचे सॉकेट असते, त्याला प्लास्टिकची एक जीभ असते आणि तिच्यामुळे कनेक्टर उलटा बसतच नाही. दिव्यांच्या पिना मात्र उघड्या उभ्या असतात, त्यांना ना जीभ ना कडे. दोन रुपयांच्या प्लास्टिकची ही काटकसर हजारो रुपयांच्या वस्तूत का करावी, हे आजवर मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

त्यात नावांचा गोंधळ निराळाच. ५ व्होल्टच्या याच सॉकेटला असूस आपल्या मदरबोर्डवर ‘एडीडी जेन २’ म्हणते, एमएसआय पूर्वी ‘जेरेनबो’ म्हणत असे आणि आता ‘जेएआरजीबी’ म्हणते, गिगाबाइटच्या बोर्डांवर ‘डी एलईडी’ किंवा ‘एआरजीबी’ असे छापलेले आढळते, तर एएसरॉकच्या बोर्डांवर ‘एडीडीआर एलईडी’. १२ व्होल्टच्या सॉकेटला एमएसआय ‘जेआरजीबी’ म्हणते. ‘जेआरजीबी’ आणि ‘जेएआरजीबी’ ही नावे एकाच बोर्डाच्या एकाच कडेला, तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत छापलेली असतात. टेबलावर मोबाइलचा उजेड धरून कॅबिनेटमध्ये डोके घालणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने ती अचूक वाचावीत, अशी अपेक्षा निर्मात्यांनी बाळगलेली दिसते.

म्हणून जोडणी करणाऱ्यांनी बोर्डासोबतच्या पुस्तिकेतले आकृतीचे पान आधी उघडावे. पुस्तिका हरवली असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळते. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, मागची कळ बंद करून वायर भिंतीतून काढावी. नुसता संगणक बंद करून भागत नाही, कारण तेव्हाही बोर्डावर स्टँडबायचे ५ व्होल्ट असतात आणि कित्येक बोर्डांवर त्याच पुरवठ्यावर दिवे रात्रभर पेटत राहतात. (हे दिवे बंद करायचे असतील तर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ईआरपी नावाची सोय असते, ती चालू करावी.) कनेक्टरवर बारीक बाण असतो, बाणाची बाजू बोर्डावर जिथे ५ व्होल्ट लिहिले आहे त्या पिनेकडे यायला हवी. मनात शंका असेल तर त्या पिनांवर काहीही न जोडता संगणक सुरू करून मल्टिमीटरचे काळे टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूला आणि लाल टोक त्या पिनेला लावून आकडा पाहावा. टोक एकाच वेळी दोन पिनांना लागू देऊ नये. आकडा ५ च्या आसपास आला तरच, वीज पुन्हा तशीच बंद करून, पुढे जावे.

पंख्यातून दोन वायरी निघतात, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक वायर मोटरची, ती १२ व्होल्टवर चालते आणि ‘सिस फॅन’ किंवा ‘चा फॅन’ असे छापलेल्या सॉकेटवर बसते, दुसरी दिव्यांची. पंखा फिरतो पण दिवे लागत नाहीत, किंवा दिवे लागतात पण पंखा फिरत नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांच्या पंख्यात दोष नसतोच, दोनपैकी एक वायर तेवढी सुटी राहिलेली असते.

याहून गंभीर गोष्ट विद्युतप्रवाहाची आहे. मदरबोर्डचे एआरजीबी सॉकेट सर्वसाधारणपणे ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॅटपर्यंत भार घेते. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. एखाद्या पंख्याच्या लेबलावर दिव्यांसाठी ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर लिहिले असेल, तर असे सहा पंखे फाट्याच्या वायरीने एकाच सॉकेटवर चढवल्यावर ती मर्यादा काठोकाठ भरते. दिवे पूर्ण पांढरे केले की प्रवाह सर्वांत जास्त लागतो, कारण तेव्हा तिन्ही रंग पूर्ण तेजाने पेटतात. माझे मत असे की चार पंख्यांपुढे जायचे असेल तर हब, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडण्याची छोटी पेटी, घ्यावा, आणि तोही असा की ज्याला वीज एसएमपीएसच्या साटा वायरीतून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीतून) मिळते आणि मदरबोर्डकडून फक्त डेटा येतो. साटाच्या वीज-कनेक्टरमध्ये ५ व्होल्टसाठी तीन पिना असतात व प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअरची असते, त्यामुळे तेथे साडेचार अँपिअरपर्यंत वाव मिळतो. मात्र मोलेक्सवरून (जुन्या, चार पिनांच्या वीज-कनेक्टरवरून) साटा करणाऱ्या, प्लास्टिक वितळवून एकसंध ओतलेल्या स्वस्त वायरी वापरू नयेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून आग लागल्याच्या तक्रारी जगभर झालेल्या आहेत. हबवरचे सगळे पंखे एकच नक्षी दाखवतात, कारण सर्वांना तीच बिटमाळ मिळते. प्रत्येक पंख्याची नक्षी निराळी हवी असेल तर बोर्डावरची वेगवेगळी सॉकेटे वापरावी लागतात.

खरेदी करताना आणखी दोन प्रकारांपासून सावध राहावे. पहिल्या प्रकारात पंख्याला फक्त मोलेक्सची वायर असते. त्याचे रंग कारखान्यातच ठरलेले असतात आणि मदरबोर्डवरून ते बदलता येत नाहीत, तरी खोक्यावर ‘आरजीबी’ हे शब्द झळकत असतात. दुसऱ्या प्रकारात पंख्याचा कनेक्टर सहा पिनांचा किंवा त्या कंपनीच्या खास घडणीचा असतो आणि तो केवळ तिच्याच हबवर बसतो. तसा हब जवळ नसेल तर पंखा फिरेल कदाचित, पण त्याची रोषणाई मदरबोर्डच्या ताब्यात येणार नाही. सॉफ्टवेअरबद्दल एवढेच सांगतो की, दोन कंपन्यांचे रोषणाईचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालवू नयेत, आणि विंडोज ११ मध्ये २०२३ पासून आलेली डायनॅमिक लायटिंगची, म्हणजे विंडोजमधूनच रोषणाई हाताळण्याची, सोय आपल्या बोर्डाला लागू पडत असेल तर आधी तीच वापरून पाहावी.

आता कायद्याकडे वळतो. वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांमुळे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, आयात मालाच्या बाबतीत मूळ देश, तक्रारीसाठीचा संपर्क असा तपशील छापणे सक्तीचे आहे. दिव्यांचा व्होल्टेज आणि पिनांची संख्या त्या सक्तीच्या यादीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८४ सांगते की, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा नसेल आणि त्यामुळे हानी झाली, तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो. पण याच कायद्याने केलेल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. म्हणजे सूचनेअभावी पंख्याचे दिवे जळाले तर ग्राहकाच्या हाती या तरतुदीतून काही लागत नाही. पंख्यापायी मदरबोर्ड गेला तर दाद मागायला जागा आहे, पण मूळ कारण सूचनेचा अभाव हेच होते, हे त्यालाच दाखवून द्यावे लागेल. वॉरंटीचा दरवाजा तर पहिल्याच भेटीत बंद होतो, कारण ‘जळालेला भाग’ तिच्यात धरत नाहीत.

या परिस्थितीत दुकानदार बंधूंना एक विनंती आहे. बिलावर पंख्याच्या नावापुढे ‘५ व्होल्ट, ३ पिन’ किंवा ‘१२ व्होल्ट, ४ पिन’ एवढे लिहून द्यावे. त्याला वेळ लागत नाही, खर्च नाही, आणि पुढे वाद झालाच तर तो कागद दोघांच्याही कामी येतो. ग्राहकांनीही तसे लिहून मागावे, ऑनलाइन खरेदी असेल तर मागणी नोंदवण्याआधी त्या पानावरचा तपशील जतन करून ठेवावा, आणि चुकीची माहिती देऊन माल माथी मारला गेला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आयातदारांनी खोक्याच्या दर्शनी बाजूला हे दोन आकडे ठळक छापावेत आणि कनेक्टरच्या चित्रासह मराठीत चार ओळींची चिठ्ठी आत घालावी. ज्या मालावर किमतीचा स्टिकर येथे चिकटवला जातो, त्यावर आणखी एक ओळ वाढवणे अवघड नाही. ते आपणहून करणार नसतील, तर ग्राहक संघटनांनी वैधमापन खात्याकडे या दोन आकड्यांच्या सक्तीसाठी निवेदन द्यावे. त्या निवेदनाच्या मसुद्यात तांत्रिक भाग लिहून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
संगणक जुळणी व दुरुस्ती करणारा एक वाचक,
सातारा