थर्माकोलचा अणू पुरे, आता गोट्या मोजा

संपादक महाशय,

विज्ञान दिन आला की शाळांच्या प्रदर्शनांत थर्माकोलचे अणू मांडले जातात. लाल-निळे गोळे, भोवती तारेची कडी. अणू कुणीतरी असा पाहिलाच आहे, अशी मुलांची पक्की समजूत होते. प्रत्यक्षात १९०९ मध्ये मँचेस्टरला रुदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण) साधारण ८००० त एक मागे फिरत होता. त्यावरून रुदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्रकाची, म्हणजे अणूच्या मध्यातल्या छोट्या, जड गाभ्याची कल्पना मांडली. आठवीत ‘अणूचे अंतरंग’ शिकवताना अशी मोजणी वर्गात करून घेता येते, तीही गोट्यांवर: लपवलेल्या गोटीचा व्यास न पाहता, नुसत्या टकरी मोजून काढायचा.

सपाट प्लायवर ६० सेंमी अंतरावर दोन लाकडी पट्ट्या समांतर लावाव्यात. मध्ये सहा सारख्या गोट्या मातीच्या चिमटीने चिकटवाव्यात. समोरून पाहताना एकीचा मध्य दुसरीपासून आणि पट्टीपासून किमान ४ सेंमी दूर हवा. नाहीतर एक गोटी दुसरीच्या आड लपते. वर पुठ्ठा ठेवावा. तोंडाशी दर सेंटिमीटरला १ ते ५९ खुणा कराव्यात, तेच आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात, एक चिठ्ठी उचलून त्या खुणेवरून अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपातून तशीच गोटी सरळ सोडावी आणि चिठ्ठी परत डब्यात टाकावी. चिठ्ठ्या नसतील तर मुले हमखास नेम धरतात आणि हिशेब कोसळतो. काचेवर काच आपटल्याचा ‘टक’ ऐकून नोंद करायची. एका फेकीत दोनदा ‘टक’ झाले तरी एकच धरावे. आधी लाकडाचा ‘धप’ आला तर ती फेक बाद. प्लाय उतरता असेल तर गोटी वळते, म्हणून आधी मधोमध ठेवून ती जागेवर राहते का ते पाहावे.

समजा २०० फेकींत ६२ ‘टक’ मिळाले. ‘टक’ची संख्या गुणिले पट्ट्यांमधले अंतर, भागिले (२ × चिकटवलेल्या गोट्या × फेकी): ६२ × ६० भागिले (२ × ६ × २००), म्हणजे गोटीचा व्यास १.५५ सेंमी. दहा गोट्या ओळीत लावून मोजल्या तर साधारण १.६ येतो. सगळ्यात जास्त चुकतो तो भाजकातला २. येणाऱ्या गोटीचा मध्य लक्ष्याच्या, म्हणजे चिकटवलेल्या गोटीच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे एका व्यासाच्या आत आला की टक्कर होते, म्हणून प्रत्येक लक्ष्य दोन व्यासांइतकी रुंदी अडवते. हा २ विसरला की गोटी दुपटीने फुगते. गोटीचा मध्य पट्टीला टेकत नाही, त्यामुळे खरी रुंदी किंचित कमी पडते. पण ही चूक तीन टक्क्यांच्या आत असल्याने सोडून द्यावी. ५० फेकींवर थांबल्यास उत्तर सहज २० टक्के हलते, २०० ला १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून सगळ्या गटांचे आकडे एकत्र करावेत. लागोपाठच्या तीन-चार खुणांवर ‘टक’ येत असेल तर लक्ष्य नेमके कुठे आहे हेही पुठ्ठा न उचलता सापडते.

प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गुण द्यावेत ते खाडाखोडीसकट या नोंदवहीला. एक फरक मात्र मुलांना सांगायलाच हवा. गोटी टेकल्याशिवाय टक्कर होत नाही. अल्फा कण मात्र केंद्रकाला न शिवताच विद्युत प्रतिकर्षणाने वळतो. त्या प्रयोगातून कळते ते अल्फा कण केंद्रकाच्या किती जवळ पोहोचला एवढेच, आणि केंद्रक त्याहून मोठे नाही.

आपले,
दोन विज्ञान शिक्षक