ट्यूबलाइट बंद करणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

तुमच्या हाताखालचा पोरगा दिवसभर मोबाइल बघतो, तो तुम्हाला हे वाचून दाखवेल या भरवशावर लिहितेय. त्या संध्याकाळी पैसे दिले, 'थँक्यू काका' म्हटलं आणि निघाले. घरी पोचेपर्यंत ते शब्द फार तोकडे वाटायला लागले होते. म्हणून हे पत्र, चारचौघांसमोर.

आमची गाडी २००३ सालची, पेट्रोल, चार सिलेंडरची. दिसायला जुनी, पण माझ्या सासूबाईंचं डायलिसिस तिच्यावर चालतं. वार ठरलेले, वेळ ठरलेली. परतताना त्यांचं बीपी उतरलेलं असतं, अंगात त्राण नसतं. अशा वेळी दांडेकर पुलाच्या सिग्नलला उभी असताना गाडी स्लोला (नुसतं इंजिन चालू असताना) थरथरायची आणि बंद पडायची. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या सासूबाई हळूच विचारायच्या, "पोचू ना गं?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात खड्डा पडायचा.

तुमच्याकडे येण्याआधी मी बरीच गॅरेजं पालथी घातली. नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. एकाने प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडतात ते, बदलले. एकाने थ्रॉटल बॉडी साफ केली आणि फरक पडेना म्हणून फ्युएल पंप बदलायला लावला. एका मोठ्या चकचकीत ठिकाणी स्कॅनर लावला आणि "कोड येत नाही, म्हणजे गाडीत काही नाही" असं सांगून बिल हातात ठेवलं. ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोड दाखवायची सोय, आपल्याकडे २०१० पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीचा कॉम्प्युटर कुठला सिलेंडर मिस मारतोय, म्हणजे कुठल्यात पेट्रोल पेटत नाही, ते बहुधा सांगत नाही, हे रोज तेच काम करणाऱ्याला ठाऊक नको? आणि एकाने तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाबसुद्धा न तपासता "इंजिन खोलावं लागेल, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो" असं म्हटलं. गाडी मी चालवते. झटका माझ्या पायाखाली बसतो, आवाज माझ्या कानांनी ऐकलेला. साहेबांना काय समजावणार होते?

तुम्ही बोनेटला हातही लावायच्या आधी विचारलंत, "कधी मिसिंग करते? आठवून सांगा ताई, घाई नाही." मी सांगत गेले. पावसाळी सकाळी जास्त, कात्रजच्या चढाला रेस दिली की जास्त, ऊन पडलं की जरा बरी. पीयूसीला हायड्रोकार्बनचा, म्हणजे धुरातल्या न जळलेल्या पेट्रोलचा आकडा वाढलेला. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. मग एकेका सिलेंडरच्या प्लगला वीज नेणारी वायर काढून बघितलीत. तिसऱ्याची काढली तरी इंजिनच्या आवाजात काही फरक नाही. त्याचा प्लग बाहेर काढून माझ्यापुढे धरलात. पेट्रोलने ओला, नाकाला वास येईल इतका. प्लग अदलाबदल केलेत, तरी तिसराच मेलेला. मग वायर अदलाबदल केलीत, आणि ती वायर ज्या सिलेंडरला लावलीत, दोष तिच्याबरोबर तिकडे गेला. एवढंच. जुनं काय ते शोधून काढलंत, नवं काही विकण्याआधी.

तुमचं निदान तिथेच झालं होतं. वायरींचा सेट बदलून, बिल करून मला वाटेला लावता आलं असतं. पण तुम्ही बाहेर अंधार पडायची वाट बघायला सांगितलीत, चहा मागवलात, मग शटर अर्धं खाली ओढून गॅरेजमधली ट्यूबलाइट बंद केलीत. पोराला गाडी चालू करायला लावलंत, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारलात आणि मला म्हणालात, "हात लांब ठेवा ताई, आणि नुसतं बघा." वायरीच्या रबराला केसाएवढी चीर होती, उजेडात दिसलीसुद्धा नसती. तिथून बारीक निळी ठिणगी तडतडत इंजिनच्या लोखंडावर उडत होती. प्लगपर्यंत जायची ती वीज वाटेतच पळून जात होती. ओल असली की तिला वाट सोपी होते, आणि चढाला सिलेंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून उडी मारणं तिला जड जातं, म्हणून ती चिरेतूनच निसटते. मी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्या एका ठिणगीत डोळ्यांसमोर उभं राहिलं. इतके महिने मला वाटत होतं की आपल्यालाच उगाच भास होतात. मला रडू आलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. तुम्ही काही न बोलता लाइट लावायला जरा उशीर केलात, त्याचेही आभार.

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, अजून काही दिवस अशीच चालवली असती तर तोही जळाला असता, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगून घाबरवलं नाहीत. आणि जुन्या वायरी मागितल्या नसतानाही पिशवीत घालून दिल्यात.

डायलिसिसच्या सेंटरवर एक नर्स आहे. सुई टोचण्याआधी ती दर वेळी सासूबाईंना सांगते, आता काय करणार, किती दुखेल. तिच्या हातून सासूबाईंना कमी दुखतं असं त्या म्हणतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. तुम्ही त्याच जातकुळीतले. समोरच्याला कळायला हवं, तो त्याचा हक्क आहे, असं मानणारी माणसं पुण्यात गल्लीबोळात आपापलं काम करत असतात, आणि आपण पाटी बघून दुसरीकडेच जातो.

गाडी आता सिग्नलला गप उभी राहते. पावसाळ्याआधी एकदा दाखवून जा म्हणालात, मे संपायच्या आत येते. सासूबाईही सोबत येणार आहेत. ठिणगीची गोष्ट त्यांना मी इतक्यांदा सांगितलीय की तुम्हाला स्वतः भेटायचंय म्हणतात. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा दोन मिनिटं बाहेर गाडीपाशी याल ना?

तुमची,
जुन्या गाडीवाली ताई