पीयूसीच्या वेळी गाडीला स्कॅनर कधी जोडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉडिफाइड सायलेन्सरवर वाहतूक पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो पण सगळ्यांनी बघितलेत, आणि फर्ग्युसन रोड, कोरेगाव पार्क, बाणेर या भागात ज्यांची झोप या आवाजाने मोडते त्यांना बरं वाटणारच, मलाही वाटतं. पण ही सगळी कारवाई कानाला जे टोचतं त्याच्यावर चाललीये. चारचाकींच्या एक्झॉस्टमध्ये जे जास्त गंभीर काम गॅरेजमधे होतंय, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढून टाकणं आणि सेन्सरला फसवणं, त्याचा फारसा आवाज येत नाही, डॅशबोर्डवर लाईट लागत नाही आणि पीयूसीचं सर्टिफिकेट पण व्यवस्थित मिळतं, म्हणून हे पत्र.

मी भोसरीत ऑटो पार्ट्सच्या लाईनमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं खोलात सांगतो, कंटाळा करू नका. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्ट पाईपमध्ये साधारण दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. त्यातला पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, तो इंजिनमधून आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल कमीजास्त करतो, म्हणजे वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण सांभाळायचं काम त्याचं. हे प्रमाण सांभाळलं तरच कॅट नीट चालतो. कॅट म्हणजे आतमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड हे तिन्ही एकाच वेळी निवळतात. दुसरा सेन्सर कॅटच्या मागे. त्याचं मुख्य काम एवढंच की कॅट जिवंत आहे का मेला ते ईसीयूला सांगत राहायचं. मेला असेल तर पी0420 नावाचा कोड पडतो आणि पिवळी चेक इंजिन लाईट लागते. 1976 साली व्होल्व्होच्या गाडीत बॉशचा सेन्सर पहिल्यांदा आला, म्हणजे हे काही कालचं शास्त्र नाही, आणि पुणं तर 2010 मध्ये देशात सगळ्यात आधी बीएस4 (भारत स्टेज 4, गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष) लागू झालेल्या 13 शहरांपैकी एक, आपल्याला हे नवीन नसायला पाहिजे.

आता बाजारात काय चालतं ते सांगतो. कुणाला आवाज पाहिजे असतो, कुणाला पिकअप पाहिजे असतो, कुणाचा कॅट जाम झालेला असतो आणि नवीन ओरिजिनलची किंमत परवडत नाही. या तिघांनाही एकच सल्ला मिळतो, कॅट काढून टाका, सरळ पाईप टाकून देतो. मग लाईट लागेल ना, असं विचारलं की उत्तर तयार, "सेन्सरला ॲडाप्टर मारून देतो साहेब, लाईट येणार नाही." हा ॲडाप्टर म्हणजे बोटाच्या पेराएवढा स्टीलचा नट, मधून बारीक भोक. मागचा सेन्सर त्याच्यात बसवला की तो धुराच्या झोतातून बाहेर येतो, त्याच्यापर्यंत थोडासाच वायू पोचतो, आणि पलीकडे कॅट नसला तरी ईसीयूला सगळं छान चाललंय असं वाटतं. काही ठिकाणी त्याहून पुढे जाऊन ईसीयू रिमॅप करताना, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलताना, मागच्या सेन्सरची तपासणीच बंद करून देतात. म्हणजे गाडी स्वतःच सांगत होती की माझ्यात बिघाड आहे, आणि आपण पैसे देऊन तिचं तोंड बंद केलं.

माझ्या भाच्याने कर्वेनगरला राहायला आल्यावर एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली, बीएस6, डीलरने पीयूसीसकट दिली, तारीख चालू, आकडे सगळे मर्यादेत. थंडीत सकाळी गाडी चालू केली की पार्किंगमध्ये डोळे चुरचुरायचे आणि गाडी गरम झाली तरी तो वास जायचा नाही, हे मला खटकलं, कारण कॅट गार असताना पहिली मिनिट दोन मिनिटं वास येणं समजू शकतो, नंतर नाही. ओळखीच्या गॅरेजमधे गाडी लिफ्टवर घेतली तर कॅटच्या डब्याला खालून कापून परत वेल्डिंग केल्याची जाडीभरडी रेघ स्पष्ट दिसत होती, पान्ह्याने ठोकलं तर रिकाम्या डब्याचा आवाज. आणि मागचा सेन्सर पाईपमधून इंचभर बाहेर उभा, खाली तो नट. आम्ही नट काढला, सेन्सर मूळ जागी बसवला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) लावून मोबाईलवर ग्राफ बघत बसलो. कॅट चांगला असेल तर मागच्या सेन्सरची रेघ 0.6-0.7 व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी शांत चालते. इथे ती 0.1 पासून 0.9 पर्यंत खालीवर उड्या मारत होती, कारण मधे काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात पी0420 पडलाच. आतली वीट कुठे गेली हे विचारायला भाचा डीलरकडे गेला तर तिथे कुणाला काही माहीत नाही. प्लॅटिनम-ऱ्होडियमला भंगारात भाव चांगला मिळतो एवढं मात्र या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ज्यांची गाडी "पाईप साफ करायला" जाते त्यांनी जुना माल परत मागून घ्यावा.

बरं यातून मिळतं काय? टर्बो नसलेल्या छोट्या गाडीत तर जवळपास काहीच नाही, जाड पाईप टाकून बरेचदा खालच्या आरपीएमला ओढ उलट कमी होते, कात्रजचा घाट चढताना कळतं. आणि जे लोक पुढचा मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर पाईपात आणणारा जोड) बदलून हेडर, म्हणजे बाजारातल्या मोकळ्या नळ्या, बसवतात तिथे जॉइंट जरा जरी लीक झाला तरी बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि कॅट शिल्लक असेल तर तो जास्तीच्या पेट्रोलने तापून आतून वितळतो. मग गिऱ्हाईक परत त्याच गॅरेजमधे, आणि सल्ला परत तोच, कॅट काढून टाका. मला गाड्यांचा शौक असणाऱ्या पोरांबद्दल राग नाही, शौक आम्हीही केलेत, आणि कॅटच्या मागचा नुसता मफलर बदलला तर धुरात फारसा फरक पडत नाही, तिथे प्रश्न आवाजाचा. पण कॅट काढणं आणि सेन्सरला फसवणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा त्रास मागून स्कूटरवर येणाऱ्याला होतो, नळ स्टॉपच्या सिग्नलला पोराला पुढे उभं करून थांबलेल्या आईला होतो.

आता पीयूसी. पेट्रोल गाडीचं पीयूसी करताना टेलपाईपमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि दुपारच्या उन्हात ओझोन तयार व्हायला तोही कारणीभूत. बीएस4 पासून पुढच्या गाड्यांना आणखी एक चाचणी आहे, इंजिन 2500 आरपीएमच्या आसपास धरून ठेवायचं आणि कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्याच्या आत आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 1 म्हणजे वर सांगितलेलं 14.7 चं प्रमाण) 0.97 ते 1.03 मध्ये आहे का ते बघायचं. मी वाचकांनाच विचारतो, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या व्हॅनमध्ये तुमच्या गाडीचा ॲक्सिलरेटर असा दाबून धरलेला तुम्ही शेवटचा कधी बघितलात? नंबर प्लेटचा फोटो, नळी घातली न घातली, प्रिंट हातात. ही चाचणी मनापासून केली तर बिनकॅटची गाडी पुष्कळदा तिथेच अडकेल. आणि ज्या गाडीत सेन्सरला फसवलंय ती पकडायला तर स्टिअरिंगखाली सॉकेट कंपनीनेच दिलेलं आहे, तिथे स्कॅनर लावायला दोन मिनिटं लागतात. कॅलिफोर्नियात 2000 सालापासून पुढच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी 2015 पासून अशीच सॉकेटमधून होते, आणि 2021 पासून तिथे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललंय का हे पण बघतात. कुणी तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून आला तरी ईसीयू सांगतो की माझ्या स्वतःच्या तपासण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत, मग गाडी परत पाठवायची. नट लावलेला असेल तर तो वाकून बघितलं की दिसतो, त्याला मशीन पण नको.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, 182 अ प्रमाणे परवानगी नसलेला पार्ट बसवला तर मालकाला प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि 190 (2) प्रमाणे प्रदूषण वा आवाजाचे निकष मोडले तर 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण हे सगळं मालकाच्या डोक्यावर, आणि माझ्या भाच्यासारख्या मालकाला तर आपण काय विकत घेतलंय हेच माहीत नव्हतं. म्हणून मला वाटतं की सेकंडहँड गाडी नावावर करताना आरटीओने बीएस6 गाड्यांचा स्कॅन रिपोर्ट मागावा, विकणाऱ्याने तो द्यावा. ज्या एआरएआयमध्ये गाड्या बाजारात यायच्या आधी तपासल्या जातात ती संस्था 1966 पासून आपल्या पुण्यात आहे, कोथरूडच्या टेकडीवर, तज्ज्ञ शोधायला लांब जायची गरज नाही.

आपल्या वार्ताहराने एवढं करावं ही विनंती, शहरातल्या चारपाच पीयूसी सेंटरवर जाऊन 2500 आरपीएमची चाचणी करून दाखवा म्हणावं आणि जे दिसेल ते छापावं, आणि परिवहन विभागाला विचारावं की पीयूसीमध्ये स्कॅनर आणायचा विचार आहे का, असेल तर कधीपासून. भाच्याच्या गाडीतला तो नट, सेन्सरच्या ग्राफचे स्क्रीनशॉट आणि त्याच गाडीचं पास झालेलं पीयूसी माझ्याकडे आहे, लागलं तर कचेरीत आणून देतो.

आपला,
एक नियमित वाचक, कर्वेनगर, पुणे