सात सूत पट्टी, तीन सूत वाट : अण्णांना आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्त्यावर पत्र टाकलंच आहे. पण हेच चारचौघांत लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा ताई, माझं नाव तेवढं नको. मापं मात्र नीट लिहा." म्हणून नाव गाळते आणि मापं लिहिते. घरी करवत-रंधा बाळगून असलेली आणि मधमाश्या पाळायची मनापासून इच्छा असलेली पुष्कळ माणसं मला भेटतात. त्यांच्यापर्यंत तुमची मापं पोचली, तर माझे आभार खऱ्या अर्थाने पोचले असं मी समजेन.

मधमाश्यांच्या पेट्या मी आधी विकतच आणल्या होत्या. बाहेरून देखण्या, रंगवलेल्या. तुम्ही आंबेनळी घाट उतरून पोलादपुराकडे पहिल्यांदा आलात, त्यातली एक उघडलीत आणि चौकट, म्हणजे माशी जिच्यात पोळं बांधते ती सुटी लाकडी फ्रेम, उचलायला गेलात, तर दोन चौकटी एकदम वर आल्या. पोळं एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर तिरकं गेलेलं. ओढावं तर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांचं पोळं, फाटतो, मध सांडतो, आणि मध सांडला की मुंग्या आल्याच. तुम्ही चौकटी जशाच्या तशा खाली ठेवल्यात, खिशातून फूटपट्टी काढलीत आणि एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजलंत. "अकरा सूत. ही मेलिफेराची मांडणी. तुमची सातेरी दहा सुतांची." एवढंच बोललात.

ज्यांचा सुतारकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते : इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, साधारण तीन मिलिमीटर. विकतच्या पेटीत चूक होती ती एवढीच, चौकटीमागे एका सुताची. पण सातेरी ही आपली देशी माशी अंगाने लहान, तिचं पोळं पातळ. दोन पोळ्यांच्या मध्यांत ती सव्वा इंच अंतर ठेवते, युरोपातून आलेली मेलिफेरा एक इंच तीन सूत ठेवते. सातेरीला मेलिफेराच्या अंतराने चौकटी दिल्या तर पहिलं पोळं पट्टीवर बसतं, दुसरं जरा सरकतं, आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत ते पट्टी सोडून भलतीकडेच गेलेलं असतं. माशीने तिच्या हिशेबाने अगदी बरोबर बांधलेलं असतं.

तुम्ही त्या दिवशी जेवायच्या आधी माझ्या मागच्या पडवीतल्या टेबलावर पेन्सिलीने जे लिहिलंत ते मी पुसलेलं नाही. वरची पट्टी सात सूत रुंद. मधली वाट, म्हणजे माशीला ये-जा करायची फट, तीन सूत. मिळून दहा. आठ चौकटींची पेटी हवी तर आठ वेळा दहा, आणि कडेची एक वाट तीन, एकूण त्र्याऐंशी सूत. म्हणजे आतली रुंदी दहा इंच तीन सूत. सगळी पेटी या एका बेरजेतून उभी राहते. मी शाळेत गणित शिकवते. अपूर्णांक शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. आता ते दरवर्षी फळ्यावर असतं.

या तीन सुतांमागची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. अमेरिकेतले पाद्री लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या १८५१ साली लक्षात आलं, की मधमाशीला ये-जा करण्यापुरती ठराविक फट सोडली तर ती तिथे काही बांधत नाही. फट फार मोठी झाली तर माशी तिथे आडवं-तिडवं पोळं बांधते, फार लहान झाली तर बुजवून टाकते. साधारण दोन ते तीन सुतांची फट ती मोकळी ठेवते. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं कापायचं, आणि बहुतेक वेळा वसाहतच संपवायची. चौकट सुटी उचलून पाहता यायला लागली ती या फटीमुळे. पुढे आपल्याकडे दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीच्या अंगाला बेतलेली लहान पेटी केली, आणि आजच्या भारतीय मानकातली 'ए' प्रकारची पेटी त्याच घराण्यातली. तिची चौकट आतून २१० बाय १४५ मिलिमीटर, बाहेरून २३० बाय १६५. हे आकडे तुम्हाला तोंडपाठ होते. मी ते नंतर पडताळून पाहिले आणि मिलिमीटरचाही फरक निघाला नाही.

अण्णा, तुमचं सगळ्यात मोठं देणं मात्र या आकड्यांच्याही पलीकडचं आहे. "आधी चौकट करा, मग पेटी," असं तुम्ही बजावलंत. सुतारकाम येणारा माणूस नेमका उलटा जातो. तो आधी छानसं खोकं करतो, त्याचे सांधे जुळवतो, आणि मग त्यात बसेल अशी चौकट बेततो. तुम्ही मला आतून बाहेर यायला शिकवलंत. आधी पोळं केवढं ते ठरवायचं. त्याभोवती चौकट. चौकटीभोवती वाट. वाटेच्या बाहेर भिंत. भिंतीची जाडी, सांधा, रंग हे सगळं शेवटी. तेव्हापासून मी घरातलं कपाटही असंच करते, आधी आत काय ठेवायचं ते मोजून.

चौकटीच्या बाजूच्या पट्ट्या वरच्या भागात पूर्ण दहा सूत रुंद ठेवायच्या आणि खाली सात सुतांपर्यंत निमुळत्या करायच्या, ही तुमची युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. अशा चौकटी एकमेकींना टेकवून ठेवल्या की अंतर आपोआप बरोबर येतं. खिळे नकोत, पत्र्याचे दाते नकोत. पट्ट्या कापताना प्रत्येक वेळी मोजायचं नाही, हेही तुमचंच. यंत्राच्या टेबलावर लाकडाचा एक ठोकळा घट्ट बसवायचा, पट्टी त्याला टेकवायची आणि कापायची. सगळ्या पट्ट्या एकाच ठोकळ्याला टेकून आल्या की कुठल्याही पेटीतली चौकट कुठल्याही पेटीत बसते. एका वसाहतीतला पिलावा दुसऱ्या अशक्त वसाहतीला देता येतो तो याच कारणाने. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलं. ज्याने ऐन हंगामात अडकलेली चौकट उपसली आहे त्याला हे विचारावं.

लाकडाबद्दल तुम्ही जेवढे कडक होतात तेवढे कशाबद्दलच नव्हता. वखारीत आपण एकत्र गेलो तेव्हा मी सागाकडे वळले आणि तुम्ही शिवणीकडे. हलकी, न पिळणारी, उचलायला सोपी. सागाची पेटी टिकते खरी, पण मधाने भरलेली कोठी, म्हणजे पेटीचा वरचा मजला, उचलायची वेळ आली की पाठीला कळतं. वखारवाल्याने कौतुकाने सांगितलं की या फळ्यांना वाळवीचं औषध मारून ठेवलंय, तर तुम्ही त्या हातातून खाली ठेवल्यात. वाळवी मरते त्या औषधाने माशीही मरते. लाकूड बाहेरून कोरडं दिसलं म्हणून आतलं विष जात नाही. प्लायवूडलाही तुम्ही नकार दिलात. आमच्याकडच्या पावसात त्याच्या कडा फुगतात आणि थर सुटतात. आणि कारखान्यातून स्वस्तात मिळणाऱ्या माल ठेवायच्या लाकडी फळकुटांबद्दल जे सांगितलंत ते तर प्रत्येक हौशी माणसाने लक्षात ठेवावं : शिक्क्यात 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीने. दुसरं पेटीला घ्यायचंच नाही. शिक्का नसेल तरी नाही.

पावसाचंही गणित तुम्ही घातलंत. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. पेटीची फळी आडवी बसते, म्हणजे तिची रुंदी ही पेटीची उंची. चैत्रात कोरड्या लाकडाची केलेली पेटी आषाढात उंच होते. तेवढ्याने खालच्या चौकटी आणि वरच्या कोठीतल्या चौकटी यांच्यामधली वाट अर्ध्या सुताने सहज बदलते. म्हणून ती वाट अडीच सुतांच्या आसपास ठेवा, म्हणजे वाढली तरी तीनच्या आत राहील, असं तुम्ही सांगितलंत. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो त्या महाबळेश्वराच्या बाजूला आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

पेटीला आतून रंग नाही, तेल नाही, काही नाही. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हा-वाऱ्यात ठेवायची. तळपाट खिळ्यांनी ठोकायचा नाही, सुटा ठेवायचा. कारण मेणकिड्याची अळी तळाच्या कचऱ्यात आणि फटीत वाढते, आणि सुटा तळपाट झाडून काढायला अर्धं मिनिटही लागत नाही. सातेरी माशी मेलिफेरासारखी झाडांचा डिंक आणून फटी लिंपत नाही. म्हणून सातेरीच्या पेटीत सुताराने फट ठेवली की ती किड्यासाठीच राहिली. हे ऐकल्यापासून माझे सांधे जास्त घट्ट येऊ लागले. पेटी ठेवायच्या घोडीच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते आणि त्यातलं पाणी आटू देत नाही. मुंग्यांचा त्रास झाला किंवा उपासमार झाली की सातेरी भांडत बसत नाही, घर सोडून निघून जाते. पावसाळ्यात साखरेचा पाक देण्यात हयगय नको असं तुम्ही प्रत्येक फोनवर सांगता, आणि मीही ती करत नाही.

काय स्वतः करायचं नाही हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, त्याचे वेगळे आभार. पोळं फिरवून मध काढायचं मधयंत्र लाकडाचं करण्याचा माझा विचार होता. मधाला लागणारं भांडं धुता आलं पाहिजे, ते स्टीलचंच घ्या, असं म्हणून तुम्ही तो थांबवलात. यंत्रात फिरवलेलं पोळं अख्खं राहतं आणि पुन्हा माश्यांना देता येतं. पिळलेलं पोळं त्यांना पहिल्यापासून बांधावं लागतं आणि त्या मेणासाठी त्या आपलाच मध खर्च करतात. माश्या शांत करायला धूर देण्याचं धुराडंही विकतचंच. जुन्या, वापरलेल्या चौकटी कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका, हा तुमचा तिसरा नकार. १९९१-९२च्या सुमारास थायी सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींची जी वाताहत केली, तिच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलला होता. रोग माशीबरोबर येतो तसा चौकटीबरोबरही येतो. नवी पट्टी कापायला लागतात ती काही मिनिटं. तेवढ्यासाठी हा धोका घ्यायचा नाही, हे मला पटलं आहे.

आणि ती सकाळ. आमच्या काजूच्या बागेतल्या जुन्या आंब्याच्या ढोलीतली वसाहत तुम्ही माझ्या पहिल्या पेटीत उतरवलीत. पोळी एकेक करून कापली, चौकटीत बसवली आणि केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्ट्यांनी, बांधली. माश्यांनी पोळं चौकटीला जोडून घेतलं आणि नंतर तो सोप स्वतःच कुरतडून दाराबाहेर टाकला. तुम्ही मला राणी दाखवलीत, पण त्याआधी माझ्या हातात चौकट दिलीत आणि म्हणालात, "तुम्हीच ठेवा, तुमची पेटी आहे." चौकट सरळ खाली गेली. कुठे अडकली नाही, कुठे ढिली पडली नाही. मी केलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल मला त्या क्षणाइतका आनंद झालेला नाही.

बाईमाणसाने सुतारकाम करायचं कशाला, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे. वखारीत, हार्डवेअरच्या दुकानात, नातेवाइकांतही. तुम्ही कधीच विचारला नाहीत. तुम्ही माझ्या रंध्याच्या पात्याची धार अंगठ्याने पाहिलीत, मान हलवलीत आणि कामाचं बोलायला लागलात. याबद्दल आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, पण हे मनात नेहमी असतं हे तुम्हाला कळायला हवं.

आता गावातल्या काही मुली शनिवारी दुपारी पडवीत येतात. त्या चौकटी जुळवतात, तार ओवतात, पोळ्याचा पाया म्हणून मेणाचा पातळ पत्रा बसवतात. तुमच्या बेरजेची एक माप-काठी मी सागाची करून घेतली आहे. तिच्यावर सात, तीन आणि दहाच्या खुणा कोरलेल्या आहेत. तुमच्या गावच्या पोरांसाठी तशाच काही काठ्या पाठवते आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तुमच्याकडे पेट्यांची मागणी वाढली आहे असं तुम्ही म्हणत होतात. निदान मापं तरी सगळ्यांची एक असावीत.

तुमच्यासाठी केलेल्या दोन पेट्या तयार आहेत. शिवणीच्याच आहेत, तेल वाळलं आहे, वास गेला आहे. जांभूळ फुलायच्या आत त्या घाटावर पोचवते. घ्यायला तुम्ही खाली उतरू नका, गुडघ्याला त्रास होतो. एकच विचारायचं राहिलं आहे : वरच्या मधकोठीत आठऐवजी सात चौकटी ठेवून अंतर थोडं वाढवलं, तर पोळी जाड येतात आणि मधाच्या घरांवरची मेणाची टोपणं कापायला सोपी जातात असं ऐकते. सातेरीला ते चालेल का, की मधल्या वाटेत ती नवं पोळं काढेल? तुमचं उत्तर आलं की त्याप्रमाणे कोठीच्या खाचा कापते. तोवर त्या फळ्यांना हात लावत नाही.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
पोलादपूरकडची ताई