उतरलेल्या नदीतल्या मासळीला माप हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी हरिपूरचा. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालो. गळाचा नाद मात्र शाळेपासूनचा. गेल्या हिवाळ्यात टेक्सासला, गॅल्व्हस्टनच्या खाडीजवळ पुतण्याकडे राहून आलो. त्याने मला कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत बसवून रेडफिश धरायला नेलं.

तिथे उत्तरेचा वारा सुटला की खाडीतलं पाणी समुद्राकडे लोटलं जातं आणि ओहोटी जास्तच खोल जाते. गवताळ दलदलीत पांगलेले मासे मग अरुंद चरांमध्ये गोळा होतात. मोटारबोट तिथे रुतते, कयाकला वीतभर पाणी पुरतं. रेडफिश आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. चिखलात तोंड खुपसून खेकडे हुडकत असला की शेपटी पाण्यावर येते, तिच्या बुडाशी काळा ठिपका. वल्हं होडीला नुसतं टक्क लागलं तरी पसार!

पुतण्याच्या गळाला एक लागला, चांगला जाडजूड. त्याने तो मोजपट्टीच्या फळीवर आडवा धरला, शेपटीची टोकं चिमटीत जुळवली. पावणेवीस इंच. लगेच पाण्यात सोडला. म्हटलं, "अरे, इथं बघतंय कोण?" तर म्हणाला, "काका, वीस ते अठ्ठावीस इंचातलाच घ्यायचा, आणि दिवसाला माणशी तीन." उपसा फार झाला म्हणून टेक्सासने १९८१ साली समुद्रातल्या रेडफिशची विक्रीच बंद केली. पाणी कमी असताना मासा आयता सापडतो, म्हणून तर माप लागतं.

आपल्याकडे कोयनेचा विसर्ग घटला की कृष्णेत जागोजागी डोहच उरतात. रोहू, कटला, मरळ, वाम, सगळे त्यातच कोंडलेले. जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचं पोट आहे. तक्रार आहे ती तारेवर आकडा टाकून डोहात करंट सोडणाऱ्यांची आणि जिलेटिन उडवणाऱ्यांची. करंटला बोटाएवढं पिल्लू आणि अंड्यावरची मादी सारखीच. आणि ओल्या पायांनी काठावर उभा असलेला माणूसही. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आकडा ही तर सरळ वीजचोरी. तरी संध्याकाळी बाजारात वीतभरही नसलेल्या रोहूचे ढीग दिसतात.

समुद्रातल्या माशांसाठी राज्याने किमान आकार ठरवून दिले आहेत. तशी पट्टी नदीकाठच्या बाजारातही टांगावी. चिलापीला सूट द्या, ती बाहेरून येऊन बोकाळली आहे. हवी तेवढी धरा.

राहिली देखरेख. विसर्ग कधी कमी करायचा हे पाटबंधारे खात्याला आधी ठाऊक असतं, मग गस्त त्याच दिवसांत ठेवायला काय हरकत आहे? आणि एक विनंती तुम्हालाच. पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तुम्ही फुटाफुटाने छापता. मार्च ते मे या काळातही ती रोज छापा, सोबत कोयनेचा विसर्गही द्या. नदी कुठल्या दिवशी उतरणार हे मग आकडेवाल्यांइतकंच गावालाही कळेल.

आपला,
एक निवृत्त वायरमन
हरिपूर, जि. सांगली